उजवं पेडल

उजवं पेडल पुन्हा थेट तळाला गेलं. मधलीनं, घरातल्या मधल्या लेकीनं, पाय उचलला, परत दाबला. काही नाही. पायाखाली नुसती हवा. तिनं ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं, मागच्या चाकाला धरून खाली उतरली आणि फडक्याला हात पुसत म्हणाली, "उद्या हा बाहेर जात नाही."

शेडच्या दारात दादा रंगाचा डबा घेऊन उभा होता. तो आधी हसला. "सकाळी सकाळी थट्टा नको गं."

"थट्टा करायला मी काय तुझी मेव्हणी आहे? उजवा ब्रेक नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. डावं पेडल छान धरतंय. उजव्याची दांडी मी काल आवळली, आज आवळली. आता आवळायला आटेच उरले नाहीत. आत ड्रममध्ये काहीतरी गडबड आहे. चाक काढावं लागेल."

दादानं डबा खाली आपटला. लाल रंगाचे शिंतोडे त्याच्या नव्या विजारीवर उडाले, ते त्याला दिसलेही नाहीत. उद्या सकाळी शेतकी शाळेच्या नव्या कार्यशाळेला यंत्रांचे मिस्त्री असलेल्या दिवंगत बाबांचं नाव दिलं जाणार होतं आणि हा ट्रॅक्टर, बाबांच्या हातचा पहिला ट्रॅक्टर, घरातर्फे शाळेला भेट जाणार होता. चालवत नेणार दादा. शेजारी मडगार्डवर बसणार त्याची नात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दादानं हे सांगून ठेवलं होतं. खिळे घ्यायला न येणाऱ्यांनाही.

"शाळा काय चंद्रावर आहे?" तो म्हणाला. "हळूहळू नेतो. एक ब्रेक आहे ना? मग एकानं थांबतो."

"एकानं थांबत नाही, दादा. फिरतो."

मधली बस डेपोत ब्रेकच्या विभागाची मुख्य होती. डेपोत ती हे वाक्य नव्या माणसांना शांतपणे सांगायची. सख्ख्या भावाला सांगताना मात्र तिचा आवाज चढला. "म्हणूनच त्याला दोन पेडलं असतात. शेतात एकच दाबायचं, म्हणजे तेवढंच चाक अडतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर दोन्ही पेडलं कडीनं जोडायची, म्हणजे दोन्ही चाकं एकदम थांबतात. उतारावर डावं अडलं आणि उजवं पळत राहिलं, तर काय होतं हे मी तुला सांगायचं? आपल्या घरात?"

या घरात ते सांगायची कुणालाच गरज नव्हती. ही भावंडं लहान असताना याच ट्रॅक्टरसकट काका खाणीच्या उताराला ओढ्यात पलटी झाला होता. त्याचा पाय मांडीपासून मोडला, तो कधीच सरळ झाला नाही. पण काका वाचला. मडगार्डवर बसलेला गवंडी, समोरच्याच घरातला, जागीच गेला. काका प्यालेला होता, पेडलांची कडी लावायची विसरला, हे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झालं आणि मग तोंडीच राहिलं. पोरंसोरं त्याला पलटीकाका म्हणायची. दादाची नातसुद्धा म्हणायची. काका तिला खिशातली गोळी काढून द्यायचा.

"चार तासांत होईल?" दादानं विचारलं.

"आधी बघू तर दे आत काय आहे ते. मेलेल्या माणसाची नाडी बघून तारीख कोण देतं?"

जॅक लावून तिनं मागचा भाग उचलला, खाली लोखंडी घोडी सारली आणि चाकाचे नट सोडायला घेतले. ते सुटेनात. पान्याला लांब पाइप जोडून तिनं अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा पहिला नट किंचाळत फिरला. ट्रॅक्टर ओढ्यातून काढून बाबांनी या शेडमध्ये ढकलला होता आणि दाराला कुलूप घातलं होतं. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. इंजिन उघडायला मधलीनं सुरुवात केली तेव्हा या चाकाच्या आतल्या बाजूला ओढ्याची माती अजून दगडासारखी बसलेली होती. तिनं ती छिन्नीनं काढली होती.

चाक निघेपर्यंत दुपार झाली. ड्रम हातोडीनं चहूबाजूंनी ठोकत ठोकत तिनं सैल केला आणि ओढून काढला.

आत ब्रेक शू नव्हते.

झिजलेले नव्हते, तुटलेले नव्हते. नव्हतेच. ड्रमला आतून घट्ट धरायला दोन बाजूंनी जे दोन अर्धगोल हवेत, त्यांची जागा रिकामी होती. त्यांच्या स्प्रिंगाही नव्हत्या. एक्सलच्या सीलमधून गळलेलं गिअरचं ऑईल सगळीकडे डांबरासारखं वाळलेलं होतं. आणि शू उघडणारा लिव्हर, त्याला आता उघडायला काहीच नव्हतं, तो खडखडू नये म्हणून तांब्याच्या तारेनं बांधून ठेवलेला होता.

मधली तिथंच, जमिनीवर, बसली.

ती गाठ तिनं लहानपणापासून पाहिली होती. तीन वेढे, मग टोक आत वळवून चपटं केलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. बाबा प्रत्येक तार अशीच बांधायचे. "मिस्त्रीची गाठ," लोक म्हणायचे. सगळा उलगडा व्हायला तिला फार वेळ लागला नाही, डेपोत हीच भानगड ती दर आठवड्याला पाहायची. सील गळलं. ऑईल शूंवर आलं. भिजलेले शू धरत नाहीत, कधी कधी भलत्या वेळी एकदम धरतात. म्हणून बाबांनी ते काढून टाकले. नवे यायचे असतील. आणि तोवर...

"काय गं? काय झालं?" दादा वाकून बघत होता. त्याला काही कळत नव्हतं.

ती उठली, पकडीनं दांडीची पिन काढली आणि तारेसकट लिव्हर उपटून घेतला.

*

स्वयंपाकघरात आई जेवणाच्या टेबलाशी बसून चष्म्याशिवाय तांदूळ निवडत होती. दादाची बायको ओट्यापाशी होती. मधलीनं तो काळा, तेलकट लिव्हर टेबलावर आईच्या परातीशेजारी ठेवला. आवाज झाला, तशी दादाची बायको वळली.

"अहो, काय हे! आत्ताच पुसलंय टेबल."

आईनं लिव्हरकडे बघितलं. तारेकडे बघितलं. तिची बोटं तांदळात थांबली.

"ते परत लाव," ती म्हणाली.

आईनं हे काय आहे असं विचारलंच नव्हतं. आयुष्यभर हातात पाना न धरलेल्या बाईनं, टेबलावर गंजकं लोखंड येऊन पडल्यावर, हे काय म्हणून विचारलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," मधली म्हणाली.

"परत लाव म्हणते ना. आणि हात धू."

"आई, तुला माहीत होतं!"

"कुणी मला सांगेल का काय चाललंय?" दादा मागून आला. मधलीनं त्याला सांगितलं. सोप्या शब्दांत, एकेक वाक्य तोडून, जसं लहान मुलाला सांगावं तसं. उजव्या चाकाला ब्रेक नव्हताच. बाबांनी काढला होता. आणि तसाच ट्रॅक्टर काकाच्या हातात दिला.

दादाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "हे तू कशावरून म्हणतेस? नंतर कुणी काढले असतील शू. चोरट्यांनी."

"चोरांनी शू नेले आणि जाताना बाबांची गाठ मारून गेले का? चाकावर ओढ्याची माती होती, दादा. तूच म्हणालास, किती घाण आहे म्हणून."

"बाबा असं करणार नाहीत."

"ही गाठ कुणाची आहे?"

"बाबा असं करणार नाहीत!" तो टेबलावर हात आपटून ओरडला. परातीतले तांदूळ उडाले. "त्या शाळेच्या दगडावर काय कोरलंय ठाऊक आहे तुला? मिस्त्रीच्या हाताखालून गेलेलं यंत्र दगा देत नाही. कोरून झालंय ते!"

"मग दगडाला सांग दगा देऊ नको म्हणून."

"बास!" आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दोघंही थांबले. या घरात तो आवाज अजून चालत होता. "उद्याचा दिवस जाऊ द्या. ट्रॅक्टर गाडीवर चढवून न्या. चालवायचा नाही, एवढंच. ब्रेक नाही, संपलं. पुढचं पुढं बघू."

दादानं मान हलवली. त्याला लगेच पटलं, आणि त्याला ते इतक्या लगेच पटलं म्हणून मधलीला त्याचा आईपेक्षाही जास्त राग आला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला आता कशाला ओढायचं? काकाही काही म्हणत नाही. त्याचं तो..."

"चालवत नेणार होतात तुम्ही."

हे दादाची बायको म्हणाली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिनं सासूसमोर आवाज वर केला नव्हता. तिच्या हातात अजून ओलं फडकं होतं.

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाला.

"माझी नात बसणार होती त्याच्यावर! त्याच मडगार्डवर!" तिनं फडकं आईच्या पुढ्यात फेकलं. "आणि तुम्हाला माहीत होतं! काल मी तिला नवा फ्रॉक घालून दाखवला तुम्हाला. तुम्ही म्हणालात, छान दिसतो. छान दिसतो म्हणालात!"

"मला वाटलं, हिनं सगळं नीट केलं असेल," आई मधलीकडे बोट करून म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा हलला. "ही ब्रेकचंच काम करते ना?"

"आणि नसतं केलं तर?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून काठीचा आवाज आला. काका दुपारचा चहा घ्यायला याच वेळी यायचा. तो दारात आला, सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि मग त्याची नजर टेबलावर गेली.

मग काठी भिंतीला टेकवून, टेबलाला धरत धरत पुढे आला आणि लिव्हर उचलला. अंगठ्यानं तारेची गाठ चाचपली.

"ही तार बांधलेली मला माहीत नव्हती," तो म्हणाला. "म्हणून आवाज आला नाही. सुटा असता तर खडखडला असता. मला घरातून निघतानाच कळलं असतं."

"काका," मधली म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ब्रेक नव्हता?"

"पाय टाकला तेव्हा कळलं. त्याच्या आधी कसं कळणार? मी कडी लावली होती. दोन्ही पेडलं एकदम खाली गेली, डाव्यानं धरलं, तोंड गर्रकन ओढ्याकडे फिरलं. गवंडी म्हणाला, अरे अरे. एवढंच म्हणाला." त्यानं लिव्हर टेबलावर ठेवला. "दवाखान्यात तुझ्या बापाला मी विचारलं, उजव्या चाकाला काय केलं होतंस? तो रडायला लागला. म्हणाला, एवढी एकच वाळूची खेप होती रे, नवे शू येणारच होते. सांगायचं विसरलो. मी सांगतो सगळ्यांना, तू बरा हो."

"मग?" मधलीनं विचारलं.

"मग वहिनी आल्या."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई काकाकडे बघत होती.

"सांगा ना, भाऊजी," ती म्हणाली. "आता काढलंच आहे तर सगळं सांगा."

"वहिनी म्हणाल्या, मिस्त्रीनं बिनब्रेकचा ट्रॅक्टर रस्त्यावर सोडला हे बाहेर गेलं तर उद्यापासून एक माणूस आपल्याकडे काम आणणार नाही. तीन पोरं आहेत. तुम्ही एकटे आहात. कडी लावायला विसरलो म्हणा. चूक कुणाकडूनही होते, लोक विसरतील." काका खुर्चीत बसला. मोडका पाय हातानं उचलून सरळ केला. "मी हो म्हणालो. ते माझ्या तोंडानं झालं, ते मी नाकारत नाही. तीन पोरं मला दिसत होती. तू तेव्हा माझ्या खांद्यावरून उतरत नव्हतीस, मधले."



"विसरलो एवढंच ठरलं होतं," काका म्हणाला, आणि आता त्याचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत त्या माणसाचा असा आवाज मधलीनं ऐकला नव्हता. "मी थेंबाला शिवत नव्हतो. सुपारीसुद्धा खात नव्हतो. दवाखान्यातून घरी आलो तर रस्त्यात पोरं माझ्यापुढे झोकांड्या खात चालून दाखवतात. ठरलेलं लग्न मोडलं. समोरची, गवंड्याची बायको, माझ्या तोंडावर थुंकली. आणि मी विचार करतोय, हे कुठून आलं? माझ्या भावाला विचारलं, त्यानं खाली बघितलं. तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारतो. माझ्या तोंडात दारू कुणी ओतली, वहिनी?"

आई उठून उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "मी ओतली. लोकांना नुसतं विसरणं पटेना. मिस्त्रीचा भाऊ कडी कसा विसरेल, म्हणाले. शेडपाशी येऊन ट्रॅक्टर दाखवा म्हणायला लागले. कुणीतरी चाक काढलं असतं. म्हणून मी नळावर एका बाईला सांगितलं, कुणाला बोलू नका, पण तो प्यालेला होता. दुसऱ्या दिवसापासून शेडकडे कुणी फिरकलं नाही. काय चुकलं माझं? ही शिकली कशावर? त्याचं दुकान उभं राहिलं कशावर? धाकटी परदेशात आहे ती कशावर? तुम्हाला मी घरात ठेवलं, दोन वेळचं गरम वाढलं, तुमचं आजारपण काढलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओतीन!"

"गरम वाढलं," काका म्हणाला. "हो. ते खरं आहे." आणि तो हसला. ते हसणं पाहून दादाची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मधली टेबलाला वळसा घालून आईच्या समोर जाऊन उभी राहिली. इतकी जवळ, की तिच्या हाताचं काळं ऑईल आईच्या साडीला लागलं. "तुझं काही चुकलं नाही ना?"

"नाही."

"कुणाची भीती नाही ना तुला?"

"मी कुणाला भीत नाही."

"मग समोर जा. गवंड्याच्या बायकोला सांग. आम्हाला कशाला सांगतेस? आमची पोटं भरली त्याच्यावर, आम्ही ऐकूनच घेणार. तिला सांग."

"ए, काहीतरी बोलू नकोस," दादा पुढे आला. "आईचं वय काय, तू बोलतेस काय! काका, तुम्ही तरी सांगा हिला."

काका टेबलाला धरून उठला आणि त्यानं भिंतीजवळची काठी घेतली. दादाला त्याच्याकडून आयुष्यभर मिळत आलेली साथ त्या दिवशी मिळाली नाही.

आईनं मधलीकडे बघितलं. त्या नजरेत पश्चात्ताप नव्हता, हे मधलीनं पुढे अनेकदा सांगितलं. संताप होता, निव्वळ संताप, पोटच्या पोरीनं भर घरात आव्हान दिल्याचा. तिनं साडीवरचा डाग बघितला, पदर खांद्यावर ओढला, पायांत चपला सरकवल्या आणि दार उघडून निघाली.

"आई!" दादा धावला. "आई, ऊन किती आहे! उद्या जाऊ, मी येतो बरोबर..."

ती थांबली नाही. दोन घरांमधल्या रस्त्यावर एक सायकलवाला तिला चुकवत शिव्या देऊन गेला, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. ती समोरच्या घराच्या पायरीवर चढली आणि मुठीनं दार वाजवलं. मागे दादा, त्याच्या मागे मधली. सगळ्यात शेवटी काठी टेकत काका. तो रस्त्याच्या अलीकडेच थांबला. त्या घराच्या जवळ तो कधी जात नसे.

दार गवंड्याच्या बायकोनंच उघडलं. केस पांढरे, पाठ वाकलेली, हाताला कणीक लागलेली.

"काय गं? काय झालं?"

आईनं श्वासही घेतला नाही. भांडायला आल्यासारखी, कडक आवाजात, एका दमात ती बोलली. "माझा दीर त्या दिवशी प्यालेला नव्हता. कडीही लावली होती त्यानं. ट्रॅक्टरला उजव्या बाजूचा ब्रेकच नव्हता. माझ्या नवऱ्यानं काढला होता आणि तसाच सोडला. दारूचं मी उठवलं. मला सगळं माहीत होतं."

गवंड्याची बायको तिच्याकडे बघत राहिली. कणकेचे हात तसेच समोर धरलेले. मधलीला वाटलं, आता ही किंचाळेल. आता ही आईच्या थोबाडीत मारेल. मारावं, असंही तिला एक क्षण वाटलं.

"तू माझ्या पोराच्या लग्नात आलीस," ती बाई हळूच म्हणाली. "पहिल्या पंगतीला बसवलं मी तुला. आणि तुझ्या दिराला बोलावलंच नाही."

"हो."

"माझ्या दारापुढून ते जायचे ना, तेव्हा मी मुद्दाम पाणी फेकायची. बघितलंस तू. खिडकीत असायचीस."

"हो," आई म्हणाली. या वेळी तिचा आवाज कडक नव्हता.

त्या बाईनं आईच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. रस्त्याच्या कडेला, उन्हात, काठीवर ओणवा झालेला काका उभा होता. ती पायरी उतरली. आईला वळसा घालून, रस्ता ओलांडून त्याच्यासमोर गेली. कणकेचे हात पदराला पुसले.

"इतकं बोलायची मी," ती म्हणाली. "इतकं वाईट वाईट बोलायची. तुम्ही एकदा तरी उलट बोलायचं होतं."

"बोलायचं नव्हतं मला," काका म्हणाला. "तुमच्या माणसाचं शेवटचं काय झालं, ते मात्र तुम्हाला सांगायचं होतं. तेवढं कुणी मला विचारलंच नाही."

तिनं त्याचा काठी नसलेला हात धरला. "आत या," ती म्हणाली.

काकाला रस्ता ओलांडायला वेळ लागला. एक टेम्पो त्यांच्यासाठी थांबून राहिला. पायरी चढताना तिनं त्याला खालून आधार दिला. आई अजून दारातच होती. ती बाजूला सरकली. काका तिच्याकडे न बघता आत गेला. गवंड्याची बायको त्याच्या मागून आत गेली, वळली आणि आईच्या तोंडावर दार लावलं. आपटलं नाही. नीट, कडी बसेपर्यंत लावलं.

दादानं खिशातून फोन काढला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना लावला. "उद्याचं राहू द्या," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "दगडाचं... दगडाचंही राहू द्या. मी येऊन सांगतो," म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि भर रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखं मनगटानं नाक पुसलं.

आई त्या बंद दारासमोरून हलली नाही. आतून काकाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत थांबत बरंच काही बोलत होता. दादाची बायको घरातून बाहेर आली, सासूला उन्हात बघून परत आत गेली आणि खुर्ची घेऊन आली. ती रस्ता ओलांडायला निघाली, तशी मधलीनं खुर्चीची पाठ धरली.

"नको," ती म्हणाली. "तिला उभी राहू दे."